'वन-बाय' करून देतो म्हणाला आणि 30,750 रुपयांना चुना लावला

हे लिहिताना लाज वाटते, कारण सायकलीतलं कळतं अशी चार लोकांत ओळख आहे. पण पुढची तीन चेनरिंगं (पेडलजवळची दातेरी चक्रं) काढून एकच ठेवायचं, म्हणजे 'वन-बाय'चं, वारं सध्या भुसावळपासून शिरपूरपर्यंत सगळ्यांच्याच अंगात शिरलंय आणि हा जळगावचा सायकल मिस्त्री अजून गिऱ्हाईकं पकडतोय. म्हणून आकड्यांसकट लिहितो.

सायकल जुनी एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची. पुढे तीन चेनरिंगं, मागे 8 स्पीडची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा), शिमानो कंपनीचं 135 मिमीचं हब (चाकाच्या मधला भाग). ठरलं असं: पुढे 32 दातांचं एक चेनरिंग, मागे शिमानोचे 11 स्पीड डिओरे गिअर, 11-51 कॅसेट (सगळ्यात लहान चकती 11 दातांची, मोठी 51 ची). पॅकेज 18,500, त्यातले 10,000 आगाऊ. यूपीआयचं खातं भलत्याच नावावर. बिल मागितलं तर "काम झाल्यावर देतो ना भो". पुढचं तुम्हाला माहीत आहे.

खरी मेख नंतर. सायकल पूर्ण खोलून झाल्यावर फोन आला: "भाऊ, तुमच्या हबवर 11 स्पीड बसतच नाही. मागचं चाक नवीन लागेल, 7,200."

इथे, नेमकं इथे खटकायला हवं होतं. 11 स्पीडची रोड सायकलची कॅसेट जुन्या फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसवायचा भाग) खरंच बसत नाही, तिला 1.85 मिमी जास्त रुंद फ्रीहब लागतो. पण एमटीबीची 11-51 त्याच जुन्या 8-9-10 स्पीडच्या, शिमानोच्या एचजी पद्धतीच्या फ्रीहबवर बसते, कारण तिच्या मोठ्या चकत्या आत स्पोकच्या अंगाला झुकवलेल्या असतात. वेगळा फ्रीहब, मायक्रोस्प्लाइन नावाचा, लागतो तो डिओरेच्या 12 स्पीड 10-51 ला. 10 दातांची बारकी चकती एचजीवर मावत नाही. या पठ्ठ्याने रोड सायकलचं खरं उचललं आणि एमटीबीला चिकटवलं. धादांत थाप असती तर तिथल्या तिथे पकडली असती. ही अर्धी खरी होती, आणि सायकल खोललेली त्याच्याच दुकानात. दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायची तर काय पोत्यात भरून न्यायची?

चाकाचं ते नाटक कशासाठी, तर जुन्या चाकातलं शिमानोचं हब त्याला हवं होतं. "जुना माल भंगारात गेला" म्हणाला. चाक, क्रँक, दोन्ही शिफ्टर, पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा), सगळंच गेलं म्हणे! सायकल टाकण्याआधी प्रत्येक पार्टचा जवळून फोटो काढा आणि जुने पार्ट परत हवेत हे मेसेजमध्ये लिहूनच घ्या.

वर ट्यूबलेसचे 3,600. आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांपुढे ट्यूबलेसला नाही कोण म्हणेल? केबल, हाउसिंग, मजुरी 1,450. एकूण 30,750.

सातपुड्यातल्या पाल गावाच्या पहिल्याच चढावर चेन उतरली. परत चढवली, परत उतरली. धुळ्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे सायकल स्टँडला लावली तेव्हा एकेक बाहेर आलं. एकच चेनरिंग असेल तर त्याचे दात एक जाड, एक बारीक असे हवेत, तेच चेन धरून ठेवतात. इथे बत्तीसच्या बत्तीस सारखे, जुन्या तीन चेनरिंगांतलं मधलं काढून लावावं तसे. 11 स्पीड डिओरेच्या मागच्या डिरेलरला चेन ताणून धरणाऱ्या क्लचचा छोटा खटका असतो, चालू-बंद करायचा. इथे खटकाच नाही. आतल्या बाजूला कोरलेला मॉडेल नंबर नाही, वर नुसतं स्टिकर, रॉकेलचं बोट लावताच निघालं. कॅसेटची मोठी चकती मोजली, दात 46. एक्कावन्न सांगून शेचाळीस! मोजायला अर्धं मिनिट लागतं, पैसे देण्याआधी मोजा. आणि टायर उतरवला तर आतून ट्यूब निघाली, हिरवट जेल भरलेली. ट्यूबलेस करून घ्यायचंच तर समोर बसून: रिमवर टेप, व्हॉल्व्ह, मग सीलंट, मग कॉम्प्रेसरची हवा. टायरची कड रिमला बसताना फटाफट आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय उठू नका.

त्याच्याकडे हायड्रॉलिक ब्रेकचंही पॅकेज आहे. त्यात तो मोटरसायकलच्या ब्रेकचं डॉट ऑइल भरतो म्हणे. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइलच लागतं. डॉटने आतले सील फुगतात आणि ब्रेक जातो.

आता पोलीस. "सायकलच आहे ना? दुकानदाराशी बसून मिटवा. दिवाणी बाब आहे." कशी दिवाणी? खोटं सांगून पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येतं आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू हडपणं 316 मध्ये. हे सांगितलं तर साहेब बंदोबस्तात, उद्या या. उद्या साहेब मीटिंगमध्ये. एका हेल्पलाइनने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. दुसरीने तक्रार नोंदवली आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही म्हणून बंद केली. चोराने उत्तर दिलं नाही की तक्रार बंद, वा रे न्याय! पक्कं बिल कुठंय, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. बिल दिलं असतं तर तो चोर कसला?

ठाण्यात अर्ज घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. यूपीआयच्या पावत्या आणि मेसेज तिथे पुरावा म्हणून लावता येतात. आम्ही दोन्हीकडे अर्ज टाकलेत.

आणि जो मिस्त्री मागचं चाक हातात न घेता, फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा जुना प्रकार) आहे की कॅसेट हेही न बघता मोबाइलवरच पॅकेजचा आकडा सांगतो, त्याच्याकडे सायकल टाकू नका. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाच्या पक्क्या बिलावर 15 अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. याच्या दुकानातल्या पाटीवर होता, मोजला तर तेराच.