वाढीच्या काळात पाय जमिनीवर ठेवायचे तर कोणती साधना निवडावी?

नवी जबाबदारी, नवं शिक्षण, सुटत आलेलं व्यसन, नुकतंच सुरू झालेलं समुपदेशन, मोडलेलं किंवा जुळू लागलेलं नातं. अशा काळात बरेच जण साधनेकडे वळतात. पहिली गफलत तिथेच होते, कारण स्वतःला सुधारण्याच्या यादीत साधना हे आणखी एक कलम होऊन बसतं. दिवसभर आपण प्रगती मोजतोच, मग सकाळच्या बैठकीचीही मोजू लागतो. खरं तर या काळातल्या साधनेचं काम उलटं असतं. दिवसातली एवढी एकच गोष्ट अशी हवी, जिथे आपल्याला कुठेही पोहोचायचं नाही.

इथे चार पर्यायांची तुलना केली आहे: बसून श्वासाचं ध्यान, जप, चालत ध्यान आणि रात्रीचं लिखाण. शिबिराचा विचार शेवटी येतो, कारण तो निर्णय वेगळ्या जातीचा आहे.

आधी तोल कुठे जातो ते पाहा

कोणती साधना श्रेष्ठ, या वादात शिरू नका. तुमचं मन सध्या कोणत्या बाजूला कलतंय ते पाहा. साधारण चार प्रकार दिसतात. मन धावतं, म्हणजे रात्री दोनला योजना सुचतात आणि एक काम हातात असताना दुसरं आठवतं. मन जड होतं, म्हणजे झोपूनही थकवा जात नाही. मन स्वतःलाच झोडपतं. आणि चौथा प्रकार, जो स्वतःला कधीच दिसत नाही: मन फुगतं. ‘मला कळलंय, बाकीच्यांना अजून कळायचंय’ असं वाटू लागतं, जुने मित्र उथळ भासतात आणि घरच्यांना सल्ले सुरू होतात.

पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांमध्ये आजार, संशय, आळस हे ओळखीचे अडथळे आहेतच. पण या काळात जास्त भोवतात ते शेवटचे दोन: अलब्धभूमिकत्व, म्हणजे पायरी न गाठणं, आणि अनवस्थितत्व, म्हणजे गाठलेल्या पायरीवर न टिकणं. आठवडाभर मन शांत राहिलं आणि मग पुन्हा उसळलं, तर साधना चुकली असं धरून लोक पद्धत बदलतात. त्या वेळी पद्धत बदलायची नसते, तिच्यावरच टिकून राहायचं असतं.

बसून श्वासाचं ध्यान

सगळ्यात जास्त सुचवला जाणारा आणि धावत्या मनाला सगळ्यात अवघड जाणारा पर्याय. सुरुवातीला दहा ते पंधरा मिनिटं पुरे. मांडी घालून बसणार असाल, तर कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहील एवढी जाड उशी घ्या. गुडघे हवेत लोंबकळले की पाठीचा कणा वाकतो आणि पाच मिनिटांत कंबर बोलू लागते. खुर्ची चालते, त्यात कमीपणा काही नाही. तळपाय जमिनीवर सपाट ठेवायचे आणि पाठ खुर्चीला टेकवायची नाही. उच्छ्वास एक ते दहा मोजायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. आकडा चुकला किंवा पंधरावर गेलात, तर चिडायचं कारण नाही. चुकलं हे कळलं तो क्षणच सरावाचा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. श्वासाकडे लक्ष गेलं की अनेकांचा श्वास आपोआप चालायचा थांबतो. ते तो मुद्दाम ओढू लागतात, छाती आवळते, घाबरल्यासारखं होतं. असं होत असेल तर श्वास सोडून द्या आणि तळहातांचा मांड्यांवरचा स्पर्श किंवा खोलीतले आवाज यांच्याकडे लक्ष न्या. फायदा तोच मिळतो. दुसरं, डुलकी. बसल्या बसल्या रोज डोळा लागत असेल तर तो साधनेतला अडथळा नसून झोपेची थकबाकी आहे. बैठकीसाठी पहाटेचा गजर अर्धा तास अलीकडे आणून ही थकबाकी वाढवणारे लोक कमी नाहीत. आधी झोप पुरी करा. तरी डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून नजर समोर जमिनीवर टेकवा.

मन स्वतःला झोडपत असेल तर ही साधना सावधपणे घ्या. शांत बसलं की तो आतला आवाज आणखी मोठा ऐकू येतो.

जप

धावत्या मनाला पहिली पसंती याला द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मनातली बडबड शब्दांतूनच चालते आणि जप तीच जागा अडवून बसतो. श्वासाचं ध्यान करताना त्या बडबडीला नुसतं बघत राहावं लागतं, आणि नवशिक्याला ते जमत नाही.

पद्धत साधी आहे, पण वेग महत्त्वाचा. माळेत 108 मणी आणि एक मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. एका उच्छ्वासाला एक मणी धरला आणि श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, तर एक माळ अठरा मिनिटांत होते. छोटं नाम भराभर घेतलं तर तीच माळ दोन-तीन मिनिटांत संपते, आणि गोम इथेच आहे. इटलीतल्या लुसियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली 23 निरोगी प्रौढांवर केलेल्या अभ्यासात लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र असे दोन्ही जप करून घेतले. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय श्वासाशी जुळली. म्हणजे शरीरावर होणाऱ्या परिणामाचा मोठा वाटा संथपणाचा. माळांची संख्या वाढवण्याच्या नादात नेमका तोच हातचा जातो.

वाचिक, उपांशू आणि मानसिक या तीन पायऱ्या पुस्तकी वाटतात, पण उपयोगी आहेत. मन उसळलेलं असेल तेव्हा मोठ्याने म्हणा. जरा बसलं की फक्त ओठ हलू द्या. मानसिक जप सगळ्यात शेवटी. सुरुवातच मानसिक जपाने केली तर दहाव्या मण्यापर्यंत हात फिरत राहतो आणि मन भलतीकडे असतं.

ज्यांची कुठल्याच नामावर श्रद्धा नाही त्यांनी उसनी श्रद्धा आणू नये, दोन आठवड्यांत ढोंग वाटू लागतं. ‘शांती’सारखा एखादा साधा शब्द घ्या किंवा सरळ पुढच्या पर्यायाकडे वळा. शब्द मात्र दर आठवड्याला बदलू नका.

चालत ध्यान

याला कमी लेखलं जातं. जड मन, अस्वस्थ शरीर, बसलं की घुसमट, जुन्या आघाताच्या आठवणी, या सगळ्यांत बसण्यापेक्षा हे सुरक्षित. पंधरा-वीस पावलांची सरळ जागा पुरते, घरातला बोळही चालतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेहमीपेक्षा सावकाश चला. लक्ष तळपायांवर ठेवा: टाच टेकते, भार पुढे सरकतो, बोटं सुटतात. टोकाला पोहोचलात की एक श्वास थांबा, वळा, पुन्हा चला. पंधरा मिनिटं.

चूक एकच होते, पण हमखास: त्याचा व्यायाम होतो. पावलं मोजणारं उपकरण काढून ठेवा आणि कानात काही घालू नका.

रात्रीचं लिखाण

लिखाणाचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला म्हणजे दिवसाचं सिंहावलोकन. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी रुजवलेली ख्रिस्ती पद्धत पाच टप्प्यांची आहे: कृतज्ञता, प्रकाशाची याचना, दिवसाची उजळणी, चुकलेल्या जागांची कबुली आणि उद्याकडे पाहणं. देव न मानणाऱ्याने दुसऱ्या टप्प्यावर मिनिटभर शांत बसावं, बाकीचा सांगाडा तसाच चालतो. दहा मिनिटं, प्रत्येक टप्प्याला दोन-तीन ओळी. फुगलेल्या मनाला याच्याइतकं औषध दुसरं नाही, कारण चौथ्या टप्प्यावर आज नेमकं कोणाला दुखावलं ते नावानिशी लिहावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे मनात साठलेलं ओकून टाकणारं लिखाण. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1980च्या दशकात यावर प्रयोग सुरू केले. सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, एकाच खोल विषयावर न थांबता लिहायचं आणि मग थांबायचं. हे थांबणंच लोक विसरतात. लिहिल्यावर लगेच मन आणखी खालावतं, हे अपेक्षितच असतं, म्हणून झोपायच्या तोंडावर हे करू नका. महिनोन्‌महिने रोज केलं तर ते निव्वळ उगाळणं होतं. उगाळणं ओळखायची खूण सोपी आहे: आठवड्याची पानं वाचा. ‘मी असाच का’ हा प्रश्न तिसऱ्यांदा दिसला, तर ‘का’ खोडा आणि ‘काय झालं, कधी, पुढे काय करणार’ एवढंच लिहा.

झोप येत नाही हीच मुख्य तक्रार असेल तर याहून छोटा उपाय आहे. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांच्या कामांची यादी लिहायची. बेलर विद्यापीठाच्या 2018 मधल्या अभ्यासात अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली.

समोरासमोर ठेवलं तर

मन धावत असेल तर जप आधी, श्वास नंतर. मन जड असेल तर चालणं, तेही दिवसाउजेडी. मन फुगलं असेल तर सिंहावलोकन, आणि जमलं तर ते महिन्यातून एकदा तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसापुढे मांडणं. मन झोडपत असेल तर चालणं आणि सिंहावलोकनाचा फक्त पहिला टप्पा. चुकांच्या कबुलीचा टप्पा काही आठवडे वगळा, ते काम मन न सांगता करतंच आहे.

दिवस विस्कळीत असेल, प्रवास असेल, तर जप सगळ्यात कमी मागतो: जागा नको, शांतता नको, बोटांची पेरंही पुरतात. लिखाणाला एकांत लागतो आणि वही दुसऱ्याच्या हाती पडणार नाही याची खात्री लागते, नाहीतर माणूस वाचकासाठी लिहू लागतो. श्वासाच्या ध्यानाचं फळ उशिरा दिसतं, पण ते पुढे दूरवर नेतं. म्हणून घडी बसल्यावर तिकडे वळणं बरं.

दोनहून जास्त साधना एका वेळी घेऊ नका. बहुतेकांना सकाळी जप किंवा चालणं आणि रात्री दहा मिनिटांचं सिंहावलोकन एवढं पुरतं. ही जोडी दिसायला साधी आहे, म्हणूनच टिकते.

मोठं शिबिर: आत्ता की नंतर?

सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान, मौन, वाचन-लेखन-फोन बंद असा क्रम असतो. सुरुवातीचे दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून शरीरभर संवेदना पाहणं. त्याच्या दुसऱ्या टोकाला जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला सजगतेच्या (माइंडफुलनेस) ध्यानाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम: आठवड्यातून एक वर्ग, घरी रोज जवळपास पाऊण तास सराव, आणि नोकरी-संसार चालूच.

आयुष्यात आधीच उलथापालथ सुरू असेल तर दुसरा प्रकार निवडा. दहा दिवसांच्या मौनात जे वर येतं ते रिचवायला परतल्यावर स्थिर दिनक्रम लागतो, आणि या काळात नेमका तोच नसतो. शिबिरातून आल्यावर राजीनामा, घटस्फोट, घर सोडणं असे निर्णय निदान महिनाभर घेऊ नयेत. तेव्हाची स्पष्टता खरी असेल तर ती महिन्यानंतरही राहील. ज्यांना पूर्वी भ्रम, उन्माद किंवा तीव्र नैराश्य झालंय, किंवा ज्यांची मानसोपचाराची औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि गोळ्या स्वतःहून कधीच बंद करू नयेत.

कोणत्याही साधनेत दोन-तीन रात्री झोप न होऊनही थकवा वाटेनासा झाला, भोवतालचं जग खोटं भासू लागलं किंवा आपली विशेष निवड झालीय असं वाटू लागलं, तर साधना त्याच दिवशी थांबवा. नीट जेवा, चाला, लोकांत राहा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ही आध्यात्मिक उंची समजून कोणी आणखी बसायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

याहून सौम्य, पण फार आढळणारा धोका म्हणजे आध्यात्मिक पळवाट. ही कल्पना मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवुड यांनी 1980च्या दशकात मांडली. भांडण मिटवायचं सोडून त्याच्याकडे ‘साक्षीभावाने’ पाहत बसणं, हा तिचा नमुना.

तीन आठवडे असं करून पाहा

एक साधना निवडा आणि ती रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडा, म्हणजे दात घासल्यावर किंवा कामावरून परतून हातपाय धुतल्यावर. वेळ ठरवताना घड्याळापेक्षा हा दुवा जास्त टिकतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. सवयींवरच्या लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस लागलेले दिसले, आणि एखाद-दुसरा खाडा झाल्याने विशेष फरक पडला नाही. सलग दिवसांचा आकडा दाखवणारं ॲप वापरत असाल तर तो आकडा लपवा. त्यातली घंटा तेवढी कामाची.

तीन आठवड्यांनी निर्णय बैठकीतल्या अनुभवांवरून घेऊ नका, ते हवामानासारखे बदलतात. झोप कशी आहे, राग आल्यावर तो किती वेळात उतरतो आणि घरातलं माणूस काय म्हणतं, एवढंच पाहा. तिन्हींत काहीच हललं नसेल तर साधना बदलण्याआधी वेळ बदलून पाहा. रात्री न जमणारा जप सकाळी जमतो, आणि सकाळी घाईत उरकलेलं चालणं संध्याकाळी नीट होतं. त्यानेही फरक पडला नाही तर मग पुढचा पर्याय घ्या.