फोनमधील वेळमर्यादेची सोय: महिनाभराच्या वापरानंतर

युद्ध, अपघात आणि आपत्तींच्या बातम्या रात्री उशिरापर्यंत एकामागून एक वाचत राहण्याच्या सवयीला ‘डूमस्क्रोलिंग’ म्हणतात. २०२० च्या महामारीत हा शब्द जगभर रूढ झाला. ही सवय मोडावी म्हणून मी महिनाभर फोनमधील वेळमर्यादेची सोय वापरली. तिच्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागत नाही.

बातम्यांच्या ॲपला मी रोज वीस मिनिटांची मर्यादा घातली. तिने दाखवलेला पहिल्या आठवड्याच्या वापराचा तक्ता पाहून मी अस्वस्थ झाले, कारण माझ्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक वेळ त्यात जात होता आणि तोही बहुतांशी झोपण्यापूर्वी. हे स्पष्ट दाखवून देणे, हेच या सोयीचे खरे मोल आहे. मर्यादा मात्र फारच लेचीपेची आहे. वेळ संपल्याची सूचना झळकते आणि दोन-तीन स्पर्शांत ती दूर सारता येते. धोक्याच्या खबरीकडे मन आधी वळते, हा मनुष्यस्वभावच आहे. त्यात संगणक-रचनाकार आझा रास्किन यांनी २००६ मध्ये रचलेल्या अंतहीन स्क्रोलमुळे पानाला शेवटच राहिलेला नाही, मग थांबायचे कुठे? हे सारे तरुण वाचकाच्या एकट्याच्या निग्रहावर सोपवणे मला अन्यायाचे वाटते.

मला अधिक गुण आला तो बातम्यांच्या सूचना बंद केल्याने आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्याने. मर्यादेला सांकेतिक अंक लावण्याची सोय असेल, तर तो विश्वासातल्या व्यक्तीकडे द्यावा. मी तो बहिणीकडे दिला, तेव्हाच मर्यादा टिकली.