इंजिन ऑइल बदललंच नाही, बिल मात्र दोनदा लावलं. एकूण १३,३९४ रुपये

ज्यांची गाडी वॉरंटीत आहे आणि जे "कंपनीचं ऑथराइज्ड वर्कशॉप आहे ना, मग काय बघायचं" म्हणत चावी देऊन येतात त्यांनी तर हे वाचाच. माझ्याकडून इंजिन ऑइल बदलायचे आधी ४,७६७ आणि नंतर ८,६२७ रुपये घेतले आणि दोन्ही वेळेला ऑइल बदललंच नव्हतं. दोन्ही वेळेला! वर्कशॉपचं नाव इथे टाकत नाही कारण मला केस करायची आहे, पण पद्धत सांगते, ती सगळीकडे तीच असते.

माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, साधं इंजिन, टर्बो वगैरे नाही. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय, इंजिन ऑइल दर १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. २०,००० चं सर्व्हिसिंग नाशिकला केलं होतं, नंतर नोकरीमुळे पुण्यात आले, सिंहगड रोड ते हिंजवडी रोजचं जाणंयेणं. २५,००० झाले आणि इथल्या वर्कशॉपमधून फोन, मॅडम तुमचं ऑइल ड्यू आहे. मी म्हटलं १०,००० ला असतं ना, तर म्हणे मॅडम ते आयडियल कंडिशनला, पुण्याचं ट्रॅफिक म्हणजे सिव्हिअर कंडिशन, इथे ५,००० ला बदलावंच लागतं, नाहीतर उद्या इंजिनला काही झालं तर वॉरंटीवाले प्रश्न काढतील.

आता ह्यात अर्धं खरं आहे म्हणून तर माणूस गप्प बसतो. धूळ, सतत थांबत चालणारं ट्रॅफिक, थंड इंजिनवर दोन-तीन किमीच्या फेऱ्या, अशा वापराला लवकर बदला असं मॅन्युअलमध्ये पण असतं, वेगळा तक्ताच असतो. पण तो तक्ता गाडीगणिक वेगळा असतो, काहींचं नॉर्मल शेड्युलच १५,००० चं आहे, आणि हे लोक सरसकट सगळ्यांना ५,००० सांगतात. ५,००० हा आकडा कार्ब्युरेटरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या जमान्यातला, तेव्हा २०डब्ल्यू-४० असं जाड मिनरल ऑइल असायचं. आताच्या इंजिनात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं पातळ सिंथेटिक पडतं, ते इतक्यात मरत नाही. आणि ते टिश्यूवर ऑइल टिपून "बघा किती काळं झालंय" दाखवतात ना, ऑइल काळं होणारच, त्यातल्या डिटर्जंटचं कामच आहे काजळी धरून ठेवायचं. नुसत्या रंगावरून ऑइल संपलं असं ठरवता येत नाही.

मला जे फार उशिरा लक्षात आलं ते हे, की ज्या ऑइलला बदलायची गरजच नाही ते बदललं नाही तरी गाडीला काही फरक पडत नाही. गाडी तशीच पळते, आवाज नाही, लाइट नाही, मायलेज तेवढंच. म्हणजे आधी भीती घालून ५,००० ला बोलवायचं, पैसे घ्यायचे, आणि काम करायचंच नाही, गिऱ्हाइकाला कळणार कसं? लवकर बदला ह्या सल्ल्यातच सगळी चोरी लपते.

तर २५,००० ला ४,७६७ भरले आणि ३०,००० ला परत गेले. ते ३०,००० चं बिल ओळीओळीने देते, जीएसटी धरून. इंजिन ऑइल ४.५ लिटर, ७२० ने, ३,२४०. ऑइल फिल्टर १८५. ड्रेन वॉशर (खालच्या ज्या बोल्टमधून जुनं ऑइल काढतात त्याची चकती) २८. इंजिन फ्लश (इंजिन आतून धुवायचं केमिकल) ६४९. ऑइल अ‍ॅडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळायचं केमिकल) ५९५. डीकार्बनायझिंग (इंजिनातली काजळी काढणं) २,४५०. लेबर १,४८०. एकूण ८,६२७. ह्यातल्या वॉशरचे २८ रुपये लक्षात ठेवा, पुढे येतात. फ्लश, अ‍ॅडिटिव्ह आणि डीकार्बनायझिंग ह्या तिन्ही गोष्टी कंपनीच्या शेड्युलमध्ये नाहीत, ३,६९४ रुपये फुकट गेले. आणि माझ्या इंजिनात फिल्टर धरून ३.१ लिटर ऑइल मावतं, मॅन्युअलच्या मागच्या पानावर छापलंय. ४.५ कुठे घातलं? १.४ लिटर म्हणजे १,००८ रुपये तर हवेतच. तुमचं बिल आत्ता काढा आणि लिटर तपासा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तडकतं. मी म्हटलं जुना फिल्टर दाखवा. अ‍ॅडव्हायझर हसला, आत गेला, एका पोराच्या हातून फिल्टर पाठवला, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेला. मी बघितला, ठीक आहे म्हटलं आणि पैसे भरले. तो फिल्टर कोरडा होता हो! नुकता काढलेला फिल्टर म्हणजे आत ऑइल भरलेलं असतं, ठिबकतं, कागद क्षणात पारदर्शक होतो. त्या कागदावर एक डाग नव्हता, मला बातमी वाचता येत होती. कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा, कोपऱ्यात दिवसेंदिवस पडलेला फिल्टर होता तो, आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढा म्हटलं तर म्हणे मॅडम इंजिन गरम आहे, लेव्हल बरोबर दिसणार नाही. हेही अर्धं खरं, गाडी बंद करून सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबलं की व्यवस्थित दिसते. तेवढं थांबायला सांगितलं असतं त्याने, पण नाही.

कोणी म्हणेल इंजिनिअर असून कळलं नाही का. अहो मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, फिल्टर किती ओला असतो हे मला कशाला माहीत असणार, त्यासाठीच तर ऑथराइज्डला जास्तीचे पैसे देतो ना आपण? शिवाय वर्कशॉपमध्ये आत जाऊ देत नाहीत, सेफ्टीचं कारण सांगून लाउंजमध्ये बसवतात. मोबाइलवर ओटीपी येतो, तो दिला की तुमची सगळ्याला संमती. ओटीपी देण्याआधी एस्टिमेट पूर्ण वाचा, "रेकमेंडेड जॉब" लिहिलेलं सगळं काढायला सांगा.

उघडकीला कसं आलं ते सांगते. ३३,००० च्या आसपास सासरी साताऱ्याकडे गेलो होतो, तिथल्या गॅरेजवाल्या दादांनी सहज डिपस्टिक ओढली, लेव्हल मिनिममच्या खाली आणि ऑइल डांबर. ताई, हे कधी बदललंय? मी बिल दाखवलं. त्यांनी गाडी वर घेतली आणि मला खाली बोलावलं. फिल्टरवर पांढऱ्या पेंट मार्करने २०१४० लिहिलेलं. तो नाशिकच्या मेकॅनिकने ऑइल बदलताना घातलेला किलोमीटरचा आकडा! आणि त्यानेच ड्रेन बोल्टपासून सम्पपर्यंत, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीपर्यंत, ओढलेली पांढरी रेघ, जरा सुद्धा तुटलेली नाही. बोल्ट फिरवला की रेघ सरकते. म्हणजे २०,१४० पासून बोल्टला कोणी हात लावला नव्हता. फोटो, व्हिडिओ सगळं काढलं आणि मगच उघडायला दिलं. साडेतीन लिटरचा सीलबंद डबा, फिल्टर, मजुरी मिळून २,३३० रुपये, डबा माझ्यासमोर फोडला.

परत वर्कशॉपला गेले तर मॅनेजर म्हणतो फिल्टर बदलायचा राहून गेला असेल मॅडम, ऑइल बदललंय, आम्ही बोल्ट उघडत नाही, वरून मशीनने ऑइल ओढतो. असं मशीन असतं, खोटं नाही. मग मी म्हटलं बोल्ट उघडत नाही तर ड्रेन वॉशरचे २८ रुपये दोन्ही बिलांत कसले? तो गप्प. मग म्हणे तुम्ही सही केली आहे, आणि पुढच्या सर्व्हिसला १,००० चं डिस्काउंट देतो. पुढच्या सर्व्हिसला!

कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार केली, त्यांनी ती त्याच मॅनेजरकडे पाठवली, त्याने "ग्राहकाशी बोलणे झाले" लिहिलं आणि मला मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं, वर त्या वर्कशॉपमधूनच फोन की दहापैकी दहा द्या मॅडम. एरिया मॅनेजर नावाचा माणूस आहे म्हणतात, त्याचा फोन आजतागायत आला नाही. पोलीस चौकीत गेले तर हवालदार फोटो न बघताच म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. खोटा फिल्टर आणून दाखवणं सिव्हिल कसं? सरकारी हेल्पलाइनवर नोंद केली, त्यांनी कंपनीला पाठवली, कंपनीने तेच उत्तर चिकटवलं, तक्रार बंद. मग वजनमापाच्या ऑफिसात, कारण ३.१ च्या जागी ४.५ लिटरचे पैसे म्हणजे सरळ मापातली चोरी, तर तिथले साहेब म्हणाले ही सर्व्हिस आहे, वस्तूची विक्री नाही. अहो, बिलावर ऑइलची वेगळी ओळ आहे, लिटरचा दर आहे, जीएसटी घेतलाय, अजून विक्री म्हणजे काय असते? प्रत्येक जण पुढचं दार दाखवतो आणि प्रत्येक दारासाठी मला ऑफिसातून सुट्टी काढावी लागते, त्या वर्कशॉपवाल्याला एक तास पण कोणी कुठे बोलावलं नाही.

ड्रममधून गनने ऑइल भरत असतील तर नको म्हणा, सीलबंद डबा समोर फोडायला लावा आणि उरलेलं ऑइल डब्यासकट घरी आणा, ते तुमचं आहे. सर्व्हिसला देण्याआधी फिल्टरवर आणि बोल्टवर स्वतः मार्करने खूण करा, फोटो काढा. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच, त्यात कंजूषी नको, टर्बो किंवा डिझेल असेल तर त्या गाडीचंच मॅन्युअल बघा, माझा आकडा धरू नका. पक्कं बिल नसेल तर वॉरंटीत भांडायला काही उरत नाही, म्हणून बाहेर केलं तरी बिल घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, वकील सक्तीचा नाही. माझे कागद तयार आहेत, दोन्ही बिलं, फोटो, व्हिडिओ, साताऱ्याच्या दादांचं लेखी, आणि २०१४० लिहिलेला फिल्टर. १३,३९४ अधिक २,३३० असे १५,७२४ मागतेय, त्रासाची भरपाई वेगळी. पुण्यात अजून कोणाच्या बिलात इंजिनात मावतं त्यापेक्षा जास्त लिटर लावले असतील तर बिल फाडू नका, मला कळवा, एकत्र तक्रार करू.