तारा आकाशातला की लेझरचा? अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्समधली पहिली निवड

अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (दुर्बिणीतली, हवेमुळे बिघडणारी प्रतिमा लगोलग सुधारणारी यंत्रणा) घ्यायचं म्हटलं की चर्चा लवचिक आरशाभोवती फिरते. पण तो आरसा कसा वाकवायचा हे कळायला लक्ष्याजवळ एक तेजस्वी ठिपका लागतो: खरा तारा, किंवा लेझरने आकाशात उजळवलेला कृत्रिम तारा. हवा काही मिलिसेकंदांत बदलते, म्हणून मोठ्या दुर्बिणींवर मोजणी आणि दुरुस्ती सेकंदाला सुमारे 1000 वेळा होते. तेवढ्या वेळात त्या ठिपक्याचा प्रकाश मोजणाऱ्या संवेदकाच्या प्रत्येक सूक्ष्मभिंगावर पुरेसे फोटॉन (प्रकाशकण) पडले नाहीत, तर आरसा हवेऐवजी मोजणीतला गोंगाटच (नॉइज) दुरुस्त करत बसतो.

त्याआधी तरंगलांबी पक्की करा. 0.5 मायक्रॉनला हवेचा एकसंध तुकडा (ज्याच्या आत प्रकाश फारसा विस्कटत नाही) 15 सेंमीचा असेल, तर 2.2 मायक्रॉनला तोच सुमारे 90 सेंमीचा होतो. 8 मीटरच्या आरशावर असे तुकडे दृश्य प्रकाशात 2200 च्या आसपास, अवरक्तात जेमतेम 60. बहुतेक यंत्रणा अवरक्तात का चालतात, ते यातच आलं.

खरा तारा वापरला तर यंत्रणा सुटसुटीत राहते आणि ताऱ्याचा प्रकाश लक्ष्याच्या प्रकाशासारखाच सगळं वातावरण ओलांडून येतो. लक्ष्यच तेजस्वी असेल तर याला तोड नाही. एचआर 8799 या ताऱ्याभोवतीच्या ग्रहांची 2008 ची छायाचित्रं अशीच मिळाली. अडचण एकच, पण मोठी: साधारण 12-13 प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजस्विता; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) 20-30 आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) आत हवा, आणि आकाशाच्या बहुतांश भागात तो नसतो. कधी संवेदक बदलूनही काम भागतं. आकाशगंगेच्या केंद्राकडे धुळीमुळे दृश्य प्रकाशात जवळ योग्य तारा नाही. तिथे चिलीतल्या व्हीएलटी या 8 मीटरच्या दुर्बिणींपैकी एकीवरच्या नाको या उपकरणाने अवरक्त संवेदक लावून आयआरएस 7 हा तारा वापरला.

लेझरने कृत्रिम तारा बनवण्याची कल्पना फॉय आणि लाबेरी या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये जाहीरपणे मांडली. यातही दोन जाती आहेत. रॅले लेझर 10-20 किमीवरच्या हवेतून परतणारा प्रकाश वापरतो. तो स्वस्त पडतो, पण त्याचा प्रकाश शंकूच्या आकारात खाली येतो, त्यामुळे आरशाच्या कडेवरची उंचावरची हवा मोजलीच जात नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 1.5 मीटर दुर्बिणीवर रोबो-एओ या यंत्रणेने हा प्रकार चांगला चालवला. 8 मीटरवर नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका. तिथे 589 नॅनोमीटरचा सोडियम लेझर लागतो, जो 90 किमीवरच्या थरातले सोडियमचे अणू उजळतो. व्हीएलटीच्या एका दुर्बिणीवर असे 22 वॅटचे चार आहेत.

आता लेझरची खोच. किरण ज्या हवेतून वर जातो तिच्यातूनच परततो, म्हणून प्रतिमेचं एकूण डुलणं त्याला दिसत नाही. त्यासाठी खरा तारा लागतोच, मात्र 17-18 प्रतीचा आणि आर्कमिनिटभर (60 आर्कसेकंद) दूर असला तरी चालतो. शिवाय सोडियमचा थर वरखाली होतो. 100 मीटरच्या फरकाने 8 मीटर आरशावर फोकसची चूक सुमारे 30 नॅनोमीटर, तर 30 मीटरवर 400. चूक व्यासाच्या वर्गाने वाढते. त्याच खऱ्या ताऱ्यावरून फोकसही तपासत राहावा लागतो. विरळ ढगांत लेझर विखुरतो, आणि विमानं-उपग्रहांसाठी तो मधेच बंद करावा लागतो.

म्हणून निवडीआधी लक्ष्यांची यादी गाया उपग्रहाच्या तारासूचीशी ताडा. 30 आर्कसेकंदांत 13 प्रतीपर्यंतचा तारा बहुतेक लक्ष्यांजवळ सापडला, तर लेझरचा खर्च नको. आर्कमिनिटभरात 18 प्रतीचाही सापडत नसेल, तर लेझर घेऊनही त्या लक्ष्यांना पूर्ण दुरुस्ती मिळणार नाही.