ऊस राखायला कुत्रं की झटका मशीन?

राधानगरी, भुदरगड, आजरा पट्ट्यात ऊस कांड्यावर आला की रानडुकरांचा कळप फडात शिरतो. खातो थोडं, लोळवतो जास्त. मग पारावर वाद रंगतो : कुत्री पाळावीत की कुंपणाच्या तारेला झटका जोडावा?

कुत्र्यांचे भक्त कारवानी या शिकारी जातीचं नाव काढतात. पण कारवानी नजरेवर पळणारा, मोकळ्या माळावरचा गडी. उसात त्याला चार हातांपलीकडचं दिसत नाही. त्यात डुक्कर पळताना कोंडलं की उलटतं आणि सुळ्यानं कुत्र्याचं पोट फाडतं. त्यापेक्षा गावठी कुत्री बरी. वास येताच भुंकतात, मालकाला उठवतात. राखणीचं काम तेवढंच. अंगावर सोडून डुक्कर मारणं म्हणजे शिकार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय ती गुन्हाच. पूर्वजांच्या शिकारीच्या गप्पा चुलीपाशीच शोभतात.

झटका मशीन सौर पॅनेलवर, बॅटरीवर चालतं. तारेतून थांबून थांबून झटका बसतो; डुक्कर बिचकतं, मरत नाही. खालची तार मात्र वीतभरच उंच हवी, कारण डुक्कर नाकानं उकरत येतं. आपल्याकडच्या पावसात गवत आठवड्यात तारेला भिडतं आणि झटका मातीत जिरतो. गवत कापायचा कंटाळा असेल तर मशीन घेऊच नका. आणि घरची लाईट थेट तारेत सोडणं? त्यात माणसं मेलीत. तो पर्याय मी धरतच नाही.

माझं मत मशीनला, सोबत खोपीवर दोन गावठी. झालंच नुकसान, तर वनखात्याकडं भरपाईचा अर्ज लगेच टाका. उशीर झाला की पंचनाम्याला लोळलेला ऊसही उरत नाही.