अटॅक आपल्या जनुकांत आहे का? लाळेचं किट की रक्तातला एक आकडा

घरात कोणाला पन्नाशीच्या आत अटॅक येऊन गेला असेल, तर चाळिशी जवळ आली की एकच प्रश्न डोक्यात घोळत राहतो: आपल्यातही ते उतरलंय का? आमच्याकडे वडील आणि धाकटे काका, दोघांनाही लवकर आला. सिगारेट-तंबाखूचं नाव नाही, काका तर रोज चालायला जाणारे. त्यामुळे मी दोन्ही चाचण्या करून बसलोय आणि आता मित्रमंडळी विचारतात की यातली कोणती करू. लिपिड प्रोफाइल, साखर, बीपी हे तुमचं नियमित होतच असेल असं धरून चालतो. त्याच्या वर आणखी पैसे घालायचे तर कुठे, एवढाच मुद्दा.

एका बाजूला घरपोच येणारं लाळेचं किट. त्यातून जनुकांमधले लाखो बारीकसारीक फरक तपासून 'पॉलिजेनिक रिस्क स्कोअर' काढतात. दुसऱ्या बाजूला लिपोप्रोटीन-ए ही रक्तचाचणी, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा याच नावाचा एक कण मोजणारी. ही जनुकीय चाचणी नाहीच असं बऱ्याच जणांना वाटतं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे, पण रक्तात लिपोप्रोटीन-ए किती असणार हे ७० ते ९० टक्के सहाव्या गुणसूत्रावरच्या एलपीए नावाच्या जनुकावर ठरतं. लहानपणीच ते ठरून जातं आणि पुढे आयुष्यभर जवळपास तेवढंच राहतं. तेल बदला, भात सोडा, फारसा फरक नाही. म्हणजे जनुकात लिहिलेलंच वाचायचं, फक्त रक्तातून.

किटवर अन्याय नको, म्हणून आधी त्याची बाजू. २००७ साली आइसलँडच्या आणि कॅनडा-अमेरिकेच्या गटांनी वेगवेगळं काम करून नवव्या गुणसूत्रावरची एकच जागा दाखवली, ९पी२१. तिथला फरक कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, बीपीलाही नाही, तरी अटॅकचा धोका वाढवतो. म्हणजे ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असतात त्यांचं काय, याचं थोडं तरी उत्तर तिथे मिळालं. तो फरक दुर्मीळ नाही, युरोपीय लोकांत चार-पाचांत एकाकडे त्याच्या दोन्ही प्रती असतात. एकट्याने तो धोका थोडाच वाढवतो. मग असे सगळे 'थोडे थोडे' एकत्र मोजायची कल्पना आली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ६६ लाख फरकांचा मिळून एक स्कोअर केला आणि ब्रिटनच्या माहितीवर दाखवलं की सुमारे ८ टक्के लोकांना नुसत्या या बेरजेमुळे हृदयविकाराचा धोका तिप्पट किंवा त्याहून जास्त असतो. लिपोप्रोटीन-ए एका जनुकाची गोष्ट सांगतं, हा स्कोअर सगळ्यांची. कागदावर किटच जिंकायला हवं.

किट हाताळायलाही मजा येते. अर्धा तास आधी चहासुद्धा नाही, मग नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची, आणि फेस धरायचा नाही. फेस वगळून ती रेघ गाठणं सोपं नाही. बायको म्हणाली, चिंच आठवा. आठवली, आणि खरंच नळी भरली.

काही आठवड्यांनी रंगीत, जाडजूड पीडीएफ आली. कॉफी पचते का, टक्कल पडेल का, आणि या सगळ्यात कुठेतरी हृदय. अर्धगोल डायल, सुई लाल पट्ट्याच्या जरा अलीकडे. खाली वाक्य: तुमचा जनुकीय धोका १०० पैकी ७४ जणांपेक्षा जास्त आहे.

माझं घोडं अडलं ते इथे. हे शंभर जण कोण?

फॉर्म भरताना वंशाच्या रकान्यात माझ्यासाठी एकच पर्याय होता, दक्षिण आशियाई. पेशावरपासून कोलंबोपर्यंतची सगळी माणसं विरार फास्टच्या एकाच डब्यात कोंबावीत तसं. हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. हे स्कोअर मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. त्यातल्या बहुतेक खुणा स्वतः रोग घडवत नाहीत, खऱ्या कारणाच्या शेजारी बसलेल्या असतात, आणि कोणाच्या शेजारी कोण हे प्रत्येक लोकसमूहात वेगळं असतं. आपल्याकडे तर शतकानुशतकं पोटजातीतच लग्नं. तिथे मोजलेलं वजन इथे जसंच्या तसं लागू होईल याची खात्री नाही. २०२० मध्ये असा स्कोअर दक्षिण आशियाई लोकांसाठी जुळवून घेऊन बांगलादेशी आणि भारतीय नमुन्यांवरही तपासला गेला, आणि जास्त धोक्याचे व कमी धोक्याचे लोक त्यात वेगळे निघाले. तेव्हा हा प्रकार थोतांड नक्कीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांसाठी खुली केली, म्हणजे पुढे सुधारणाही होईल. पण माझ्या डायलमागे नेमके कोण उभे आहेत हे मला हवं होतं. कस्टमर केअरला विचारलं. उत्तर अतिशय गोड आलं: आमचा डेटाबेस वैविध्यपूर्ण आहे.

काही महिन्यांनी ईमेल. मॉडेल सुधारलं आहे, तुमचा अहवाल अद्ययावत झाला आहे. उघडून पाहतो तर सुई मागे सरकलेली, ७४चे ५८ झालेले. मधल्या काळात मी वडापाव कमी केला नव्हता, आणि केला असता तरी जनुकं काही बदलत नाहीत. मॉडेल सुधारणं चांगलंच, विज्ञान असंच पुढे जातं, मान्य. पण आधी जे पैसे भरले ते कोणत्या सुईचे? आणि खरं सांगायचं तर ७४ काय नि ५८ काय, दोन्ही मधलेच. या स्कोअरचा जोर टोकाला असतो, वरच्या काही टक्क्यांत. तुम्ही तिथे निघालात तर किटचे पैसे वसूल. मध्ये निघालात, आणि बहुतेक जण मध्येच निघतात, तर डॉक्टरांकडे घेऊन जाण्यासारखं हातात फारसं राहत नाही.

लिपोप्रोटीन-एचा रिपोर्ट एका ओळीचा. सॅम्पल घेणारा मुलगा सकाळी साडेसहाला आला, लोकल पकडायच्या आत काम झालं. उपाशी राहायचीही गरज नसते. आकडा आला ८६ मिलिग्रॅम. साधारण ५०च्या वर गेलं की जास्त मानतात, आणि भारतीयांत चारात एकाचं ते तसं निघतं असं इथल्या लिपिड तज्ज्ञांचं म्हणणं आहे. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेला हा कण दिसायला एलडीएलसारखाच (ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो), वर एक जास्तीचं प्रथिन गुंडाळलेलं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो वेगळा दिसत नाही. आमच्या दादरच्या डॉक्टरांनी पेनने आकड्याभोवती गोल केला आणि एलडीएलचं लक्ष्य १००वरून ७०च्या खाली आणलं, गोळी सुरू केली. चर्चा पाच मिनिटांत संपली.

याचं दुखणंही आहेच. हा आकडा खाली आणायला खास औषध मी हे लिहीपर्यंत बाजारात नाही. पेलाकार्सेनसारखी औषधं अजून मोठ्या चाचण्यांमध्ये आहेत. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, एलडीएल उतरतं, हे नाही. म्हणजे न बदलणारी गोष्ट कळून घ्यायची आणि बाकीच्या बदलणाऱ्या गोष्टी जास्त घट्ट आवळायच्या. काहींना याचा मनस्ताप होतो, त्यांनी विचार करावा. दुसरं, काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. तिथे सीमा १२५च्या आसपास. कणाचा आकार माणसागणिक वेगळा, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गुणाकार करून नेऊ नका. १२० नॅनोमोल पाहून हाय खाल्लेले एक गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत.

तुमचं एलडीएलच १९०च्या वर असेल, किंवा घोट्यामागच्या जाड कंडरेवर गाठी असतील, तर हा सगळा वाद बाजूला ठेवा. ते फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे घराण्यात चालत येणारं जास्त कोलेस्टेरॉल असू शकतं, साधारण २५०त एकाला असतं, आणि त्याला लागते डॉक्टरांनी लिहून दिलेली एलडीएल रिसेप्टरच्या जनुकाची पूर्ण तपासणी. चिपवर चालणारं लाळेचं किट ठरावीक जागाच वाचतं, असे दुर्मीळ दोष त्यातून निसटू शकतात. किटवर 'धोका नाही' आलं म्हणून अशा माणसाने निश्चिंत होणं सगळ्यात वाईट.

माहितीच्या गोपनीयतेचं फार ताणत नाही. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लोक आपला डेटा पुसायला धावले, एवढं लक्षात असू द्या. रक्ताच्या आकड्याला ती भीती त्या मानाने कमी.

किट कोणी घ्यावं? ज्यांना आई-वडिलांचा आजारपणाचा इतिहासच माहीत नाही, किंवा ज्यांचं सगळं नॉर्मल असूनही घराण्यात एकामागून एक लवकर गेलेत, त्यांना ते कदाचित काही नवं सांगेल. मात्र पहिले पैसे माझ्या मते रक्तावर घालावेत. आयुष्यात बहुधा एकदाच करायची चाचणी, आणि तिचा निकाल भावंडांनाही उपयोगी पडतो. धाकट्या भावाचा आकडा अगदीच कमी निघाला, चुलतभावाचा माझ्यापेक्षाही जास्त. तो आता पस्तिशीतच डॉक्टरांच्या नजरेखाली आहे. मुलीची कधी करायची यावर मात्र आमच्या घरात एकमत नाही. माझं म्हणणं, दहावी झाली की. बायकोचं म्हणणं, ती स्वतः विचारेल तेव्हा.