पुरणासाठी स्लो कुकर: डाळ झकास, आटवायला मात्र कढईच

शिमगा झाला की पाडवा, मग आषाढातला बेंदूर. सातारा-सांगली भागात पुरणपोळीचे सण असे एकामागून एक येतात आणि प्रत्येक सणाला अडचण एकच असते: नैवेद्य बाराच्या आत व्हायला हवा आणि शेगड्या दोनच. एकीवर डाळ बसते, दुसरीवर येळवणीची (डाळीच्या निथळलेल्या पाण्याची, म्हणजे कटाची) आमटी, आणि भात, भजी, कुरडया ताटकळतात. विजेवरचा स्लो कुकर या गर्दीत कितपत उपयोगी पडतो, ते पाहू. हे परीक्षण साडेतीन लिटरच्या साध्या कुकरचे आहे: आत चिनी मातीचे जड भांडे, वर काचेचे झाकण, पुढे एकच फिरवायचे बटण आणि त्यावर लो, हाय, वॉर्म अशा तीन खुणा. साधारण २०० वॅटचा.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. डाळ शिजवायला आणि कट काढायला हे यंत्र फार चांगले आहे. गूळ घातल्यानंतर मात्र पुरण त्यात आटवू नये.

प्रेशर कुकरमध्ये हरभऱ्याच्या डाळीचा फेस शिट्टीपर्यंत चढतो. कट हवा म्हणून पाणी जास्त घातले की शिट्टीतून पिवळे पाणी उडते, ओटा भरतो आणि कधी कधी वाफेची वाट फेसाने तुंबते. शिवाय वरची डाळ गळून गेलेली आणि मधल्या काही डाळींच्या पोटात कणी राहिलेली, असेही होते. स्लो कुकरमध्ये पाणी खळखळत नाही. उष्णता भांड्याच्या भिंतींतून हळूहळू आत शिरते, हायवर शेवटी पाणी उकळीच्या अगदी अलीकडे येऊन थांबते. डाळ एकसारखी मऊ होते, पण फुटून पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे कट दाट पिठूळ न होता नितळ निघतो. येळवणी ज्यांना पातळ आणि झणझणीत आवडते त्यांना हा फरक पहिल्या घोटात कळेल.

प्रमाण असे धरावे. अर्धा किलो हरभरा डाळ तीन-चार पाण्यांनी धुवून दोन तास भिजत घालावी. भिजवलेले पाणी ओतून द्यावे. डाळ भांड्यात घालून वर पावणेदोन लिटर उकळते पाणी, चमचाभर तेल आणि पाव चमचा हळद घालावी. मीठ आत्ता नको. हायवर साडेतीन तास लागतात. न भिजवता घातली तर साडेचार-पाच तास. रात्री दहाला लोवर लावली तर सकाळी सहाला तयार असते, आणि सणाच्या दिवशी हाच वेळ सर्वात सोयीचा. पाणी उकळते घ्यायचे ते नुसते वेळ वाचवायला नाही. गार पाण्याने सुरुवात केली तर भांडे तापायलाच दीड-दोन तास जातात आणि डाळ तेवढा वेळ कोमट पाण्यात पडून राहते. मात्र भांडे फ्रीजमधून किंवा गार ओट्यावरून उचलून त्यात एकदम उकळते पाणी ओतू नये, चिनी मातीला तडा जाऊ शकतो. आधी कोमट पाण्याने विसळून घ्यावे.

झाकण मधे मधे उघडायची सवय इथे नडते. एकदा उघडले की आतली वाफ जाते आणि ती उष्णता परत यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तीन तास होईपर्यंत हात लावू नये. मग एक डाळ घेऊन अंगठा आणि बोटात दाबावी. ती पूर्ण पसरली पाहिजे, मधे पांढरट टिपका राहिला तर अजून अर्धा तास. हा टिपका म्हणजेच कणी. ती पुरणयंत्रातून निसटली तर लाटताना नेमकी तिथेच पोळी फुटते.

चार-चार तास होऊनही डाळ कडकच, अशी तक्रार बहुतेक वेळा यंत्राची नसते. डाळ जुनी असेल तर ती शिजायला नाखूष असतेच. दुसरे कारण पाणी. माण-खटाव, जत, आटपाडीकडे बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांना हे चांगले माहीत आहे. जड पाण्यातले क्षार डाळीच्या पेशी सुट्या होऊ देत नाहीत आणि प्रेशर कुकरमध्ये जी कमतरता दाबाखाली भरून निघते ती इथे निघत नाही. अशा ठिकाणी भिजवायला आणि शिजवायला आरओचे किंवा नळाचे मऊ पाणी घ्यावे. सोडा घालू नये. डाळ गळते हे खरे, पण कटाला साबणासारखी चव येते आणि आमटी वाया जाते. तिसरी चूक म्हणजे वेळ वाचवायला गूळ डाळीबरोबरच घालणे. गूळ पडला की डाळ मऊ होणे जवळजवळ थांबते, मग रात्रभर ठेवली तरी कणी जात नाही. डाळ पूर्ण शिजली, कट निथळला, त्यानंतरच गूळ.

कट काढताना या भांड्याची पहिली खोट दिसते. भांडे जड, भरलेले, तापलेले, आणि धरायला दोन आखूड कान. ते उचलून चाळणीत ओतायच्या भानगडीत पडू नये. पळीने किंवा वाटीने डाळ-पाणी थोडे थोडे काढून चाळणीवर घालावे, खाली पातेले. अर्धा किलो डाळीचा साधारण लिटरभर कट निघतो. पाणी फारसे उडत नाही म्हणून एवढा मिळतो. डाळ चाळणीत दहा मिनिटे निथळू द्यावी. पुढचा आटवायचा त्रास इथेच निम्मा होतो.

आता गूळ. अर्धा किलो डाळीला साडेचारशे ते पाचशे ग्रॅम, किसून किंवा बारीक चिरून. चिक्कीचा गूळ नको, पुरण चिवट होऊन पोळी कडक पडते. गूळ विरघळला की पुरण एकदम सैल होते आणि त्यातले अंदाजे पाव लिटर पाणी उडवायचे असते. नेमके तेच काम स्लो कुकरला जमत नाही. झाकण बंद ठेवले तर वाफ काचेला लागून थेंब थेंब परत पुरणातच पडते. झाकण काढले तर २०० वॅटची उष्णता वरून निघून जाते आणि दीड-दोन तास हलवत बसावे लागते. त्यात तापणारी तार भिंतींच्या बाजूने असल्यामुळे मधले पुरण सैल आणि कडेचे करपलेले, असा प्रकार होतो. करपलेल्या गुळाचा कडवटपणा वेलदोड्याने झाकला जात नाही. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा खवा मोठ्या आचेवर सतत हलवूनच का आटवतात, त्याचे कारणही हेच: पाणी उडवायला जोराची आच लागते, नुसता वेळ देऊन भागत नाही.

म्हणून डाळ-गूळ सरळ जाड बुडाच्या कढईत घ्यावे. मध्यम आचेवर, लांब दांड्याच्या उलथन्याने, पंधरा ते वीस मिनिटे. शेवटी पुरण फटफट उडते आणि हाताला चटके बसतात, तेव्हा आच कमी करावी. उलथने मधोमध उभे केल्यावर पडले नाही की गॅस बंद. चिमूटभर मीठ, वेलदोडा, जायफळ आणि हवी तर सुंठ यानंतर घालावी, आधी घातली तर वास वाफेबरोबर जातो. शेगडी खरोखरच मोकळी नसेल तर एक मधला मार्ग आहे. कुकरमध्येच डाळ घोटून त्यात गूळ घालावा, झाकणाखाली सुती फडके ताणून त्याची टोके झाकणावर बांधून घ्यावीत, झाकण बोटभर सरकवून हायवर ठेवावे आणि दर पंधरा मिनिटांनी कड खरवडून हलवावे. तासाभरात पुरण बरेच घट्ट होते. तरी शेवटची पाच-सात मिनिटे कढईतच.

वॉर्मची खूण पुरणाच्या कामात फार उपयोगाची आहे. पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून झरझर उतरते, गार झाले की दांडा फिरवून खांदा दुखतो. निम्मे पुरण पुरणयंत्रात घातले की उरलेले कुकरमध्ये वॉर्मवर झाकून ठेवावे. पाटा-वरवंट्यावर वाटणाऱ्यांनाही तेच सोयीचे. पोळीत भरायचे पुरण मात्र पूर्ण गार हवे, नाहीतर कणीक सैल पडते. अर्धा किलो डाळीत मध्यम आकाराच्या वीस-बावीस पोळ्या होतात.

त्यानंतर रिकाम्या भांड्यात येळवणी ठेवता येते. फोडणी, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, कांदा-लसूण चटणी, चिंच आणि वाटीभर पुरण कटात घालून गॅसवर एक सणसणीत उकळी आणावी, मगच ती भांड्यात ओतावी. स्लो कुकरमध्ये कच्ची फोडणी सोडली तर मसाला कच्चाच लागतो आणि तवंग येत नाही. उकळून ओतलेली आमटी पंगत उठेपर्यंत गरम राहते.

आकाराचा विचार खरेदीपूर्वी करावा. साडेतीन लिटरच्या भांड्यात कटासह अर्धा किलो डाळच नीट बसते. बेंदराला किलो-दीड किलो डाळ लागणाऱ्या घरात हा कुकर पुरणार नाही. एक किलोला सहा लिटरचा घ्यावा. दीड किलो असेल तर पातेलेच बरे. विजेचा खर्च किरकोळ आहे: चार तास हायवर पाऊण ते एक युनिट.

वीज जाण्याचा विचार त्याहून महत्त्वाचा. फिरवायच्या बटणाचा कुकर वीज परत आली की आपोआप सुरू होतो. आकडे दाखवणारे काही प्रकार मात्र बंदच राहतात, आणि रात्री लावलेली डाळ सकाळी कोमट पाण्यात सापडते. ग्रामीण भागात साधे बटणच घ्यावे. वीज दोन तासांहून जास्त गेली असेल आणि डाळ कोमट झाली असेल तर ती पुढे शिजवत बसू नये, टाकून द्यावी. आंबूस वास आलेला कट उकळूनही सुधारत नाही.

हाच कुकर राजम्याला वापरणार असाल तर एक सावधगिरी. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, गॅसवर दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय यात घालू नये. त्यातले विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही. हरभरा डाळीला ही अडचण नाही.

घेताना भांडे उलटे करून बुडाला केसाएवढी चीर आहे का ते उजेडात पाहावे. झाकण आणि आतले भांडे सुटे मिळते का हेही विचारून घ्यावे, कारण फुटते ते हेच दोन भाग, आणि ते मिळाले नाहीत तर उरलेल्या यंत्राचा उपयोग नाही.